ऑलिव्हर हेविसाइड

जालना शहराजवळ भारत सरकारचें उपग्रहांवर देखरेख ठेवणारें एक भू-केंद्र आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारें 36,000 किलोमीटर उंचीवर जे उपग्रह आपणांस एकाच जागीं स्थिर असल्यासारखे भासतात, त्यांच्याकडून येणाऱ्या बिनतारी लहरी तेथें टिपल्या जातात, आणि कोणता उपग्रह कोणत्या लहरी वापरतो, नेमून दिलेली मर्यादा तो पाळतो कीं नाहीं, हें पाहिलें जातें. अशा केंद्राचें नांव निघालें कीं प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें वाटोळी थाळी उभी राहते. थाळीनें वेंचलेली ती अत्यंत क्षीण लहर ज्या नळींतून अथवा केबलमधून यंत्रापर्यंत जाते, तिचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. वास्तविक थाळी कितीहि मोठी असली तरी मधली वाट नीट नसेल तर सर्व खटाटोप फुकट. या वाटेचें शास्त्र ज्यानें पायापासून मांडलें, त्या इंग्रज गृहस्थाचें चरित्र येथें देत आहों. शाळा सोळाव्या वर्षीं सुटलेला, कानानें अधू, सबंध आयुष्यांत उणीपुरी सहा वर्षें नोकरी केलेला आणि जन्मभर अविवाहित राहिलेला असा हा मनुष्य होता.

ऑलिव्हर हेविसाइड याचा जन्म 18 मे 1850 रोजीं लंडनमधील कॅम्डन टाउन या वस्तींत झाला. त्याचा बाप टॉमस हा लाकडावर चित्रें कोरण्याचा धंदा करी. छपाईच्या नव्या युक्त्या निघत गेल्या तसा हा धंदा बसत चालला, आणि घरांत ओढाताण कायमची झाली. आई रेचेल हिनें मुलींची लहानशी शाळा चालवून संसारास हातभार लावला. चौघां भावांत ऑलिव्हर सर्वांत धाकटा. लहानपणींच त्याला स्कार्लेट फीव्हर नांवाचा ताप आला आणि त्यांत त्याचे कान मंदावले. बहिऱ्या मुलाला गल्लींतील पोरें खेळांत घेत नसत. त्यामुळें एकटेपणा त्याच्या अंगवळणीं पडला तो अखेरपर्यंत. 1865 सालीं एका सार्वजनिक परीक्षेंत पांचशेंहून अधिक विद्यार्थ्यांत त्याचा पांचवा क्रमांक आला आणि सृष्टिविज्ञानांत त्यानें बक्षीस मिळविलें. युक्लिडच्या भूमितींत मात्र त्याची दाणादाण उडाली. सिद्धान्त तोंडपाठ करून जसेच्या तसे उतरवून काढणें त्याला मुळींच मानवत नसे, आणि या पद्धतीवरचा त्याचा राग म्हातारपणींहि निवळला नव्हता.

पुढें शिकविण्यास पैसा नव्हता. पण एक आधार होता. त्याच्या मावशीचे यजमान चार्ल्स व्हीट्स्टन हे तारायंत्राच्या आद्य संशोधकांपैकीं एक. त्यांच्या ओळखीनें मुलाची सोय लागली. 1867 सालीं तो न्यूकॅसल येथें थोरला भाऊ आर्थर याच्या हाताखालीं तारायंत्राचें काम शिकण्यास गेला, आणि दुसऱ्याच वर्षीं डेन्मार्कमधील फ्रेडेरिसिया गांवीं सागरी तारेच्या कचेरींत त्याला नोकरी मिळाली. वय अवघें अठरा. कांहीं काळानें तो न्यूकॅसलच्या कचेरींत परत आला आणि तेथें त्यानें 1874 पर्यंत काम केलें.

समुद्रांतून तार टाकण्याची विद्या त्या काळीं बाल्यावस्थेंत होती. 1858 सालीं अटलांटिक महासागरांत टाकलेली पहिली तार महिनाभरहि नीट चालली नाहीं. संदेश अस्पष्ट येतात म्हणून अधिकाधिक जोराचा विद्युद्दाब देण्यांत आला, तिचें आवरण कमजोर झालें आणि ती मुकी झाली. आठ वर्षांनीं दुसऱ्या तारेला यश आलें, आणि 1870 सालीं ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजानें मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान तार टाकल्यावर आपला देशहि या जाळ्यांत ओंवला गेला. तारा पडल्या, तरी तारेच्या पोटांत नेमकें काय घडतें हें कोणास पुरतें उमगलें नव्हतें. एका टोकाला ठाशीव टिंब-रेघा पाठवाव्या, तर दुसऱ्या टोकाला ओल्या कागदावरील शाईसारखा त्यांचा फराटा उमटे. डेन्मार्कच्या तारेवर आणखी एक कोडें होतें : एका दिशेनें संदेश जितक्या वेगानें पाठवितां येत, तितक्या वेगानें ते उलट दिशेनें पाठवितां येत नसत. तार एकच, पाणीहि तेंच. मग हा भेद कां? इतर कारकून हें पाहून खांदे उडवीत. हेविसाइडनें त्याचें गणित मांडलें, आणि समुद्रांतील तारेच्या दोन टोकांस जोडलेल्या यंत्रांचा व जमिनीवरील तारांचा अवरोध असमान असल्यामुळें असें होतें, हें दाखवून दिलें. टोकाला काय जोडलें आहे यावर तारेची वागणूक अवलंबून असते, ही गोष्ट त्याच्या मनांत तेव्हांपासून घर करून बसली.

1873 सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल याचा विद्युत् आणि चुंबकत्व यांवरील महान् ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथालयांत तो चाळतांना या तेवीस वर्षांच्या तरुणाला त्यांतील पुष्कळसा भाग कळेना. पण यांत कांहीं तरी अपूर्व आहे एवढें निश्चित कळलें. पुढच्याच वर्षीं त्यानें नोकरीचा राजीनामा दिला आणि तो आईबापांच्या घरीं येऊन राहिला. चोवीस वर्षांच्या मुलानें चांगल्या पगाराची जागा सोडून घरीं बसावें, हें आजच्या पालकांसहि रुचणार नाहीं. त्या गरीब घरास तर तें किती जड गेलें असेल! तरी त्या मायबापांनीं त्याला थारा दिला, हें त्यांचें मोठेपण कोणत्याहि चरित्रकारानें विसरूं नये. खोलीचीं दारें-खिडक्या बंद करून, चिलीम ओढीत, तेलाच्या दिव्याच्या उजेडांत तो रात्र-रात्र लिहीत बसे. आई जेवणाचें ताट दाराबाहेर ठेवून जाई. पुढें दि इलेक्ट्रिशियन या साप्ताहिकांत त्याचे लेख येऊं लागले, त्यांबद्दल वर्षाला सुमारें 40 पौंड मिळत. हीच काय ती त्याची कमाई. मॅक्सवेलनें वीस समीकरणांत गुंफलेली उपपत्ति त्यानें 1885 च्या सुमारास चार समीकरणांत आणून ठेवली. आज जगांतील प्रत्येक महाविद्यालयांत मॅक्सवेलचीं समीकरणें म्हणून जीं शिकवितात, त्यांचें रूप हेविसाइडनें दिलेलें आहे.

आतां त्याच्या तारेच्या शास्त्राकडे वळूं. त्याच्यापूर्वीं सर विल्यम थॉम्सन, जे पुढें लॉर्ड केल्विन झाले, यांनीं सागरी तारेचें गणित केलें होतें. त्यांत त्यांनीं दोनच गोष्टी धरल्या : तारेचा अवरोध आणि वीज सांठविण्याची तिची शक्ति. लोखंडी पळीचें एक टोक विस्तवांत धरलें असतां ऊब जशी सावकाश दुसऱ्या टोकाकडे झिरपते, तशी वीज तारेंतून झिरपते असें त्यावरून निघे. हेविसाइडनें 1876 सालीं त्यांत तिसरी गोष्ट मिळविली. प्रवाह वाढूं लागला कीं त्याच्याभोंवतीं चुंबकक्षेत्र उत्पन्न होतें आणि तें त्या वाढीस विरोध करतें. यास प्रवर्तन म्हणतात. पुढें आवरणांतून होणारी गळती ही चौथी गोष्टहि त्यानें हिशेबांत घेतली. या चौघींचें एकत्र गणित केल्यावर निराळेंच चित्र दिसूं लागलें. वीज केवळ झिरपत नाहीं. ती लाटेसारखी धांवते. आणि लाट म्हटली कीं ती परतण्याचा प्रश्न आलाच.

मोती तलावाच्या कांठीं उभें राहून पाण्यांत खडा टाकावा. लाट बांधाशीं जाऊन आदळते आणि मागें फिरते. किंवा दोरीचें एक टोक खुंटीला बांधून दुसरें हातानें झटकावें. झटका खुंटीपर्यंत जाऊन परत येतो. हात एकसारखा हलवीत राहिल्यास जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळून दोरीवर कांहीं बिंदू निश्चल राहतात व त्यांच्या मधले भाग जोरानें वरखालीं होतात. लाट पुढें सरकतांना दिसतच नाहीं. जणूं ती जागच्या जागीं उभी आहे. हिला स्थिरलहर म्हणतात. विद्युत्-वाहक तारेवर हाच प्रकार होतो. तारेच्या टोकाला कांहींच न जोडल्यास, अथवा दोन्ही तारा एकमेकींस चिकटविल्यास, आलेली लाट सबंधच्या सबंध मागें फिरते. परंतु हेविसाइडनें असें सिद्ध केलें कीं, टोकाला एक विशिष्ट अवरोध जोडला तर आलेली लाट तो पूर्णपणें गिळून टाकतो आणि परत कांहींच जात नाहीं. तार जणूं अनंत लांबीची आहे असें लाटेला वाटतें. हा अवरोध किती, हें तारेच्या लांबीवर अवलंबून नसून तिची जाडी, दोन वाहकांमधील अंतर आणि मधलें आवरण यांवर अवलंबून असतें. लहरींना होणाऱ्या अशा अडथळ्याला इंपीडन्स हें नांव 1886 सालीं त्यानेंच दिलें. आपण त्यास संरोध म्हणतों.

ही गोष्ट पुस्तकी वाटेल म्हणून घरचें उदाहरण घेऊं. दूरदर्शनचे एरिअल जेव्हां घरोघरीं छपरांवर असत, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं त्यांपासून चपटी दुहेरी तार खालीं येई. तिचा संरोध 300 ओहम. नंतर आलेल्या वाटोळ्या केबलचा संरोध 75 ओहम. या दोहोंना नुसती गांठ मारून जोडलें तर काय होईल? दोहोंतील फरक 225, बेरीज 375, भागाकार 0.6. म्हणजे येणाऱ्या लाटेच्या उंचीचा सहा-दशांश भाग सांध्यावरून मागें फिरतो. शक्ति उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें शंभरांतील 36 भाग परत गेले आणि 64 भाग पुढें सरकले. तारेवर जेथें लाटा एकमेकींस साहाय्य करतात तेथें उंची 1.6, जेथें विरोध करतात तेथें 0.4, त्यांचें प्रमाण चारास एक. यालाच स्थिरलहर-प्रमाण म्हणतात, व बिनतारी यंत्रांचा नाद असलेले हौशी लोक त्यास एसडब्ल्यूआर म्हणून ओळखतात. तें एक असलें म्हणजे कांहींच परतत नाहीं. दीड असल्यास शंभरांतील चार भाग परततात, दोन असल्यास अकरा, तीन असल्यास पंचवीस. म्हणून 300 आणि 75 यांच्या मध्यें बालून नांवाचा एक लहानसा जुळारी बसवीत असत. हें प्रमाण मोजण्याचीं यंत्रें हेविसाइडच्या नंतरच्या अभियंत्यांनीं केलीं; परत फिरणाऱ्या लाटेचा हिशेब त्याचा.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. विज्ञानाची आवड असलेला एखादा विद्यार्थी 75 ओहम केबलचा तुकडा घेऊन तो ओहम मोजण्याच्या साध्या यंत्रास लावतो आणि कांटा हलत नाहीं म्हणून केबल खराब ठरवितो. केबल चांगली असते. हा 75 चा आंकडा धांवत्या लाटेला जाणवतो. बॅटरीच्या संथ प्रवाहाला दूरचें टोक उघडें असल्याचें तेवढें कळतें. दुसरा गैरसमज अधिक फसवा आहे. समजा, प्रक्षेपक यंत्रापासून एरिअलपर्यंत लांब व हलक्या प्रतीची केबल आहे, आणि एका फेरींत तिच्यांत निम्मी शक्ति उष्णतेच्या रूपानें नष्ट होते. वर एरिअल तुटून पडला आहे, हें खालच्या माणसास ठाऊक नाहीं. वर पोंचली निम्मी शक्ति. ती सगळी परत फिरली. खालीं येतांना तिच्यांतील निम्मी पुन्हां गेली. खालच्या मापकाला मूळ शक्तीचा चौथा हिस्सा तेवढा परत आलेला दिसतो व तो एसडब्ल्यूआर तीन दाखवितो. तीन म्हणजे फारसें वाईट नाहीं, असें म्हणून तो मनुष्य एरिअलच नसतां बोलत राहतो. जितकी केबल वाईट तितका मापकाचा आंकडा गोड! यास्तव जाणते लोक प्रमाण एरिअलच्या पायथ्याशीं मोजतात, किंवा केबलमधील हानि अगोदर हिशेबांत घेतात.

1880 सालीं हेविसाइडनें एक पेटंट घेतलें होतें. त्यांत एक वाहक मध्यें व दुसरा नळीसारखा त्याच्याभोंवतीं, अशी रचना सांगितली होती. शेजारच्या तारांतील संदेशांची बाधा आंत शिरूं नये हा तिचा हेतु. तेव्हां तिचें कोणी चीज केलें नाहीं. आज ती केबल असंख्य घरांत आहे.

तारेंतून संदेश शाबूत जावा कसा, या मूळ प्रश्नाचें उत्तर त्यानें 1887 सालीं दिलें, आणि येथूनच त्याच्यावर संकट ओढवलें. त्याच्या गणितावरून असें निघालें कीं, तारेचा अवरोध आणि प्रवर्तन यांचें प्रमाण जर गळती आणि सांठवणूक यांच्या प्रमाणाइतकें असेल, तर लाट दूर जाऊन लहान होईल, पण तिचा आकार मुळींच बिघडणार नाहीं. व्यवहारांत तारांवर प्रवर्तन फारच कमी पडतें. म्हणून तें मुद्दाम वाढवावें, ठराविक अंतरावर वेटोळीं बसवावीं, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटिश पोस्टखात्यांतील तारायंत्रविषयक श्रेष्ठ अधिकारी विल्यम प्रीस याचें मत नेमकें उलट होतें. प्रवर्तन हें तारेचें दुखणें आहे, असें तो जाहीरपणें सांगे. आर्थर आणि ऑलिव्हर या दोघां भावांनीं मिळून दूरध्वनीवर एक निबंध तयार केला होता; त्यांत ऑलिव्हरचें हें प्रतिपादन होतें. आर्थर पोस्टखात्याचा नोकर. प्रीसनें निबंधाच्या प्रसिद्धीस परवानगी नाकारली. त्याच वर्षीं दि इलेक्ट्रिशियनचा त्याला अनुकूल असलेला संपादक बदलला, आणि नव्या संपादकानें लेखमाला बंद केली. ज्याची सारी पुंजी म्हणजे लेखणी, त्याच्या हातून छापखानाच काढून घेतल्यासारखें झालें. प्रीस मूर्ख होता असें मात्र समजूं नये. बिनतारीच्या आरंभीं मार्कोनीला यानेंच पाठबळ दिलें. पण ज्या विषयाचें गणित आपणांस कळत नाहीं त्यांत अधिकाराच्या जोरावर निर्णय देण्याचा मोह त्याला आवरला नाहीं, व त्याची किंमत ब्रिटिश दूरध्वनीस कित्येक वर्षें भरावी लागली.

सुदैवानें वारें लौकरच फिरलें. 1888 सालीं जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यानें विद्युत्-चुंबकीय लहरी प्रत्यक्ष उत्पन्न केल्या. जस्ताच्या पत्र्यावरून त्या परतवून खोलींत स्थिरलहर उभी केली आणि तिचे निश्चल बिंदू शोधून लहरीची लांबी मोजली. मॅक्सवेलचें म्हणणें खरें ठरलें, आणि ज्यानें तें सर्वांपेक्षां अधिक खोल पचविलें होतें त्याच्याकडे विद्वानांची दृष्टि वळली. ऑलिव्हर लॉज यानें त्याची वाखाणणी केली. थॉम्सन यांनीं 1889 सालीं विद्युत्-अभियंत्यांच्या सभेच्या अध्यक्षपदावरून त्याच्या कार्याचा गौरव केला. 1891 सालीं रॉयल सोसायटीनें त्याला सभासद निवडलें. त्या समारंभाला लंडनपर्यंत जाण्याचे कष्ट त्यानें घेतले नाहींत. गणितांतील त्याच्या नव्या रीतीमुळें पुढें त्याच सोसायटीशीं त्याचें बिनसलें. समीकरणें झटपट सोडविण्याची ही रीत बरोबर उत्तर देई, पण ती बरोबर कां, याची सशास्त्र सिद्धता तो देत नसे. सोसायटीनें त्याच्या निबंधाचा पुढील भाग छापण्याचें नाकारलें. दोन्ही बाजूंत तथ्य होतें. सिद्धता पुढें इतर गणितज्ञांनीं पुरविली.

वेटोळ्यांच्या कल्पनेचें त्यानें पेटंट घेतलें नव्हतें. 1900 सालीं अमेरिकेंत मायकेल प्यूपिन यानें तें घेतलें, तेथील मोठ्या दूरध्वनि कंपनीनें तें भारी किंमत देऊन विकत घेतलें, आणि अशीं वेटोळीं बसविलेल्या तारांवरून दूरदूरचीं माणसें स्पष्ट बोलूं लागलीं. हेविसाइडच्या हातीं त्यांतील एक कपर्दिकहि आली नाहीं. 1894 सालीं मित्रांनीं कांहीं द्रव्य मिळवून दिलें, तर हा दानधर्म आहे असें म्हणून त्यानें तें परत केलें. अखेर 1896 पासून सरकारी खजिन्यांतून वर्षाला 120 पौंडांचें मानधन मिळूं लागलें; तें कार्याच्या गौरवार्थ आहे अशी समजूत मित्रांनीं घातल्यावरच त्यानें तें घेतलें.

1901 सालच्या डिसेंबरांत मार्कोनीनें अटलांटिकपलीकडे बिनतारी संकेत ऐकल्याचें जाहीर केलें, तेव्हां सरळ जाणारी लहर पृथ्वीच्या गोलाईस वळसा घालून गेली कशी, असा प्रश्न उभा राहिला. 1902 सालीं एका विश्वकोशासाठीं लिहिलेल्या लेखांत हेविसाइडनें सुचविलें कीं, वातावरणांत उंचावर विद्युत्-वाहक थर असावा, आणि तो थर व समुद्र यांच्यामधून लहर तारेवरून जावी तशी जात असावी. आयुष्यभर तारेचा विचार केलेल्या मनुष्याला सगळ्या पृथ्वीच्या आकाशांतहि तारच दिसली! त्याच वर्षीं अमेरिकेंत आर्थर केनेली यानेंहि स्वतंत्रपणें असाच तर्क केला. 1924 सालच्या डिसेंबरांत एडवर्ड अॅपल्टन यानें प्रयोग करून त्या थराचें अस्तित्व दाखविलें.

तोंपर्यंत हेविसाइड टॉर्की येथें एकटाच राहत होता. आईबाप वारले होते, प्रकृति खालावली होती, स्वभाव विक्षिप्त झाला होता. गॅसचें बिल थकल्यामुळें पुरवठा तुटे आणि तो थंडींत घोंगड्या पांघरून बसे. केंब्रिजचा सर्ल नांवाचा एक प्राध्यापक आणि त्याची पत्नी मात्र त्याच्या समाचारास येत राहिलीं. 1922 सालीं विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें नव्यानें स्थापिलेलें फॅरडे पदक सर्वांत आधीं त्याला दिलें. तो लंडनला येणार नाहीं म्हणून संस्थेचा अध्यक्ष तें घेऊन त्याच्या घरीं गेला. 1925 च्या जानेवारींत तो शिडीवरून पडला आणि 3 फेब्रुवारी रोजीं त्याचा अंत झाला. पेन्टन येथील स्मशानभूमींत आईबापांच्या थडग्यांतच त्याला पुरलें आहे.

यानंतर दोन वर्षांनीं, 1927 सालीं, हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्यें बीम पद्धतीचा बिनतारी मार्ग सुरू झाला. संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकी येथें आणि घेण्याचें दौंड येथें होतें. या पद्धतींत उंच खांबांवर टांगलेल्या तारांच्या पडद्याला शक्ति पोंचविण्यासाठीं मार्कोनी कंपनीच्या फ्रँक्लिन नांवाच्या अभियंत्यानें एकींत एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्या वापरल्या होत्या. यंत्रापासून पडद्याच्या प्रत्येक तारेपर्यंतची वाट अगदीं सारख्या लांबीची ठेवीत, म्हणजे सर्व लाटा एकाच क्षणीं पोंचत. आणि फांद्या फुटतात तेथें संरोध जुळवून घेत, म्हणजे वाटेंतून कोणतीहि लाट माघारी येत नसे.